तासाभराच्या मजुरीत भरलेलं ताट

ऑक्टोबर 2024 मध्ये टोकियोतली किमान मजुरी तासाला 1163 येन झाली. त्याच शहरात स्टेशनाजवळच्या एखाद्या स्वस्त दुकानात ब्रेडच्या चुऱ्यात घोळवून तळलेला मांसाचा जाड तुकडा, ढीगभर बारीक चिरलेला कोबी, वाफाळता भात, मिसो सूप आणि लोणचं असं पूर्ण ताट साधारण 600 ते 900 येनमध्ये मिळतं. आपल्या पैशांत साडेतीनशे ते पाचशे रुपये. गोदामात खोकी उचलणाऱ्या कामगाराचा पहिला तास भरायच्या आतच त्याच्या दुपारच्या जेवणाचे पैसे सुटलेले असतात.

बीड जिल्ह्यात, केज तालुक्यातल्या युसूफ वडगावात बसून हाच आकडा पाहिला तर तो महाग वाटेल. 2024-25 मध्ये रोजगार हमीच्या कामावर महाराष्ट्रात दिवसाला 297 रुपये मिळत होते. म्हणजे टोकियोतलं हे साधं ताट इथल्या मजुराच्या अख्ख्या दिवसाहून जास्त किमतीचं. म्हणून परक्या देशातल्या जेवणाचा भाव रुपयांत मोजण्यापेक्षा तिथल्या माणसाच्या किती मिनिटांच्या श्रमात ते येतं हे पाहावं. या मापाने हे ताट, म्हणजे टोन्कात्सु, जपानी कष्टकऱ्याचं खरोखर परवडणारं जेवण आहे. आणि हा पदार्थ जन्मला तेव्हा मुळीच परवडणारा नव्हता. श्रीमंतांच्या टेबलावरचा विलायती प्रकार शंभर-सव्वाशे वर्षांत कामगाराच्या ताटात कसा उतरला, ही या दुकानांची खरी कहाणी.

टोन्कात्सु म्हणजे डुकराच्या मांसाचं कटलेट. ते विकणारं दुकान बहुधा लहानच असतं. दारावर कापडी पडदा, आत लाकडी ओट्याला लागून आठ-दहा खुर्च्या, ओट्यापलीकडे कढई आणि तिच्यासमोर उभा आचारी. साखळी दुकान असेल तर बऱ्याचदा आत शिरताच तिकिटाचं यंत्र दिसतं. पैसे टाकायचे, ताटाच्या चित्राचं बटण दाबायचं, निघालेलं तिकीट ओट्यावर ठेवायचं. जपानीचा एक शब्द न येणाराही इथे उपाशी राहत नाही. बसल्याबरोबर गार पाणी किंवा चहा समोर येतो, त्याचे पैसे नाहीत. बक्षिशी द्यायची रीत नाही. बहुतेक जण एकटेच जेवायला आलेले असतात आणि एकट्याने जेवण्यात कुणाला काही वाटत नाही. शेजारी कचेरीतला साहेब असेल, नाहीतर बांधकामावरचा गडी, नाहीतर शिकवणीहून निघालेली मुलगी. ओटा सगळ्यांना एकच.

मुख्य निवड दोन तुकड्यांतली. रोसु म्हणजे पाठीचा भाग, कडेला चरबीची पट्टी असलेला, चवीला भरलेला आणि बहुधा स्वस्त. हिरे म्हणजे आतला मऊ, चरबी नसलेला भाग, थोडा महाग. शिवाय कोंबडीचं कात्सु म्हणजे कटलेट, कोळंबी, खिम्याचं मेन्चि-कात्सु आणि बटाट्याचं कोरोक्के. ताटात येताना तुकडा आडवा कापून पाच-सहा पट्ट्या केलेल्या असतात, कारण जेवायचं चॉपस्टिक्सने. टेबलावर सुरी नसते. बाजूला पिवळीजर्द तिखट मोहरी, कधी लिंबाची फोड, आणि दाट, काळपट, आंबटगोड सॉसची बाटली.

हा सॉसही इंग्रजांच्या वूस्टर सॉसचा जपानी वंशज आहे. भाज्या, फळं, व्हिनेगर आणि मसाले यांतून तो बनतो. असा सॉस करणारी टोकियोतली बुलडॉग ही कंपनी 1902 पासूनची. तुकड्यावर टिकून राहील असा खास दाट सॉस मात्र कोबेच्या ऑलिव्हर कंपनीने 1948 मध्ये बाजारात आणला. जाणकार सगळ्या पट्ट्यांवर तो एकदम ओतत नाहीत, कारण कवच मऊ पडतं. पहिली पट्टी नुसती किंवा मिठाला लावून खायची, पुढच्या पट्टीवर सॉस, मध्ये कोबीचा घास, मग भात. अनेक दुकानांत भात आणि कोबी पुन्हा मागितला तरी पैसे वाढत नाहीत. आपल्याकडच्या खानावळीत वाढप्याने "अजून घ्या" म्हणावं, तसा हा प्रकार.

जपानी माणूस मांस खातो याचं आज कुणाला नवल वाटत नाही. पण इसवी सन 675 मध्ये सम्राट तेन्मु याने गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांच्या मांसावर वर्षातले काही महिने बंदी घातली. बौद्ध धर्माच्या प्रभावाने पुढे चार पायांचे प्राणी खाणं समाजातच कमीपणाचं मानलं गेलं. लपूनछपून, औषध म्हणून खाणारे होते, पण उजळ माथ्याने नाही. जवळजवळ बाराशे वर्षांनी, 1872 मध्ये सम्राट मेइजीने गोमांस खाल्ल्याचं जाहीर झालं आणि ती लाज सरकारी पातळीवर संपली. पाश्चात्त्यांच्या बरोबरीला यायचं तर त्यांचं सैन्य, त्यांचे पोशाख आणि त्यांचं खाणंही आत्मसात करावं, असं तेव्हाच्या राज्यकर्त्यांना वाटत होतं.

त्या काळात टोकियोच्या गिन्झा भागात विलायती जेवणाची हॉटेलं निघाली. त्यांतलं रेन्गातेइ 1895 चं, आणि ते आजही चालू आहे. फ्रेंच पद्धतीचं कटलेट लोण्यात परतून मग भट्टीत ठेवायचं असे. वेळ फार जायचा आणि जपानी जिभेला ते तेलकट, जड वाटायचं. 1899 च्या सुमारास रेन्गातेइचे मालक किदा मोतोजिरो यांनी डुकराचं मांस घेतलं, ब्रेडचा चुरा लावला आणि पिठात बुडवलेला तेम्पुरा तळतात तसं भरपूर तेलात सोडलं. बाहेरून खुसखुशीत, आतून रसदार आणि काही मिनिटांत तयार. सोबत आधी शिजवलेल्या भाज्या असायच्या. 1904 मध्ये रशियाशी युद्ध सुरू झालं, हाताखालची पोरं सैन्यात गेली, आणि भाज्या शिजवायला माणूस उरला नाही म्हणून कच्चा कोबी चिरून वाढायला सुरुवात झाली, असं या दुकानाच्या इतिहासात सांगतात. अडचणीतून आलेला तो कोबी आज या ताटाचा अविभाज्य भाग आहे.

तरीही ते कटलेट पातळ होतं आणि सुरीकाट्याने खायचं होतं. जाड तुकडा, आधीच कापलेला, भाताबरोबर चॉपस्टिक्सने खायचा, हा बदल टोकियोच्याच उएनो परिसरातला. राजवाड्याच्या स्वयंपाकघरात काम केलेले शिमादा शिन्जिरो यांनी 1929 च्या सुमारास पोन्चिकेन या दुकानात तो आणला, असं सर्वसाधारणपणे मानतात. त्याच भागातली आणखी दुकानंही हा मान आपल्याकडे घेतात. एक मात्र पक्कं. टेबलावरून सुरीकाटा गेला, भात आणि मिसो सूप आलं, तेव्हाच हा पदार्थ सामान्य माणसाचा झाला. परकी चीज रुजते ती अशी: रोजच्या जेवणाच्या रीतीत बसली की.

उएनोतलंच इसेन हे दुकान 1930 चं. आसपास गेइशांची वस्ती होती. ओठांचा रंग न बिघडता खाता यावं म्हणून 1935 मध्ये तिथे लहान पावाच्या तुकड्यांत कात्सु घालून सँडविच केलं गेलं. आज ते जपानभर स्टेशनांवर आणि दुकानांत खोक्यातून विकलं जातं.

पाव आणि तळण या दोन्हींचा विषय निघाला की वाट गोव्याकडे वळते. पोर्तुगिजांनी 1510 मध्ये गोवा घेतला आणि पूर्वेकडचा सगळा कारभार तिथून चालवला. 1549 मध्ये फ्रान्सिस झेवियर गोव्याहून निघाले आणि त्याच वर्षी 15 ऑगस्टला जपानच्या कागोशिमा बंदरात उतरले. त्यांचं शव आज जुन्या गोव्याच्या बॉम जेझस बासिलिकेत आहे. पोर्तुगीज व्यापारी आणि पाद्री यांच्याबरोबर जपानला पाव कळला आणि पिठात बुडवून तळायची रीतही. पुढे ख्रिस्ती धर्मावर बंदी आली, पाव जवळजवळ विस्मरणात गेला, तळण मात्र तेम्पुराच्या रूपाने टिकलं. मेइजी काळात पाव परत आला आणि रेन्गातेइच्या कढईत दोन्ही धागे एकत्र आले. गोव्यातही त्याच पोर्तुगीज वारशातून कटलेट-पाव घडला. संध्याकाळी मडगाव-पणजीच्या गाड्यांवर मसाला लावलेला मांसाचा पातळ तुकडा रव्यात घोळवून तव्यावर तळतात आणि पावात कोबी-कांद्याबरोबर देतात. जपानी माणसाने तो खाल्ला तर ओळखीची खूण त्याला नक्की पटेल.

मुंबईच्या इराणी हॉटेलांत आणि रेल्वेच्या डब्यांत कटलेट पोचलं ते इंग्रजांमार्फत. इथे त्याने वेगळी वाट धरली. मांसाचा खिमा झाला किंवा बटाटा, गाजर, बीट कुस्करून त्यात मिरची-कोथिंबीर आली. जपानने तुकडा अखंड ठेवला आणि मसाला जवळपास टाळला. तिथे मांसाला फक्त मीठ आणि मिरपूड. चवीची सगळी जबाबदारी मांस, कवच आणि तेल यांच्यावर.

म्हणून कारागिरी पाहायची तर ओट्याजवळची खुर्ची धरावी. आचारी आधी चरबी आणि मांस यांच्या मधली शीर सुरीच्या टोकाने जागोजागी तोडतो, नाहीतर तेलात पडताच तुकडा आखडून वाकडा होतो. मग हलकं ठोकणं, मीठ-मिरपूड, मैद्याचा पातळ थर, फेटलेलं अंडं आणि शेवटी चुरा. हा चुरा आपल्या बेकरीत मिळणाऱ्या टोस्टच्या बारीक भुकटीसारखा नसतो. कित्येक जपानी कारखान्यांत त्यासाठीचा पाव भट्टीत भाजतच नाहीत. पिठातून वीज सोडून तो शिजवतात, त्यामुळे त्याला तपकिरी कड येत नाही. मग तो किसून त्याचे मोठे, लांबट, हवेशीर कण करतात. या कणांमध्ये मोकळी जागा राहते, वाफ बाहेर पडते, तेल निथळतं आणि कवच बराच वेळ कुरकुरीत राहतं. चुरा तुकड्यावर दाबून बसवत नाहीत, नुसता अलगद चिकटवतात.

तेल साधारण 160 ते 180 अंश. काही जुनी दुकानं डुकराची चरबी वापरतात, काही वनस्पती तेल, काही दोन्ही मिसळून. सुरुवातीला मोठे बुडबुडे आणि जड आवाज, मग बुडबुडे लहान होत जातात आणि आवाज बारीक होतो. अनुभवी आचारी घड्याळापेक्षा या आवाजावर विसंबतो. तुकडा पूर्ण शिजायच्या थोडा आधीच बाहेर काढून जाळीवर उभा ठेवतात. आतल्या उष्णतेने उरलेलं शिजणं तिथे होतं आणि रस मांसात मुरतो. हीच दोन-तीन मिनिटं घाईच्या दुकानात गाळली जातात आणि चांगल्या दुकानात कधीच गाळली जात नाहीत. शेवटी सुरीचा करकर असा आवाज, आणि ताट समोर.

मग एवढं सगळं करून भाव खाली कसा राहतो? पहिलं उत्तर म्हणजे यादी लहान. एकच पदार्थ दिवसभर करायचा म्हटलं की माल कमी प्रकारचा, वाया जाणं कमी, हात बसलेला आणि जागा थोडी. 1998 मध्ये कानागावा प्रांतातल्या सागामिहारा इथे कात्सुया या साखळीचं पहिलं दुकान उघडलं. तिने तळणीसाठी स्वयंचलित यंत्र बसवलं: तुकडा सरकत्या पट्ट्यावरून ठरलेल्या वेळात तेलातून पार होतो. नवा मुलगाही पहिल्या दिवसापासून सारखा माल देऊ शकतो. बिलाबरोबर पुढच्या वेळचं 100 येन सवलतीचं कुपनही हातात पडतं. मात्सुया या गोमांस-भाताच्या साखळीने मात्सुनोया नावाने कात्सुची दुकानं काढली. तिथे तिकिटाच्या यंत्रामुळे पैसे घ्यायला वेगळा माणूस लागत नाही.

दुसरं उत्तर साखळ्यांपेक्षा जुनं आहे आणि अधिक नाजूक आहे. गल्लीतलं दुकान, नवरा कढईवर, बायको वाढायला, वर माडीवर घर. भाडं नाही, पगार नाही, गिऱ्हाईक ठरलेलं. अशी दुकानं आता कमी होत चालली आहेत. मालक सत्तरीपुढचे, मुलं दुसऱ्या कामाला लागलेली, तेल-तांदूळ-मांस महागलेलं. साखळी दुकानाने भूक स्वस्तात भागते हे खरं आणि त्याचं मोल आहेच, पण आवाज ऐकून तुकडा उचलणारा आचारी यंत्र घडवत नाही. एक बंद झालं की ती चव त्या गल्लीतून कायमची जाते.

कात्सुची भावंडंही पुष्कळ. अंडं आणि कांद्याबरोबर गोडसर रश्शात शिजवून भातावर घातलं की कात्सुदोन. नागोयात 1947 पासूनचं याबातोन हे दुकान लाल मिसोचा दाट रस वर ओतून देतं. कात्सु-करीची एक हकिकत गिन्झाच्या स्विस या हॉटेलची: 1948 मध्ये बेसबॉलपटू चिबा शिगेरु यांनी घाई म्हणून कटलेट थेट करीभातावर घालून मागितलं. आणि टोकियोत भारतीय पद्धतीची करी लोकप्रिय करण्यात रासबिहारी बोस यांचा मोठा वाटा. भारतातून निसटून जपानमध्ये आसरा घेतलेल्या या क्रांतिकारकाच्या पाककृतीनुसार शिन्जुकूच्या नाकामुराया दुकानाने 1927 मध्ये ती विकायला काढली.

कात्सुच्या या भावंडांत पुणेकरांना जवळचं उदाहरण जपानमधल्या ओकायामा शहराचं. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान, म्हणजेच पुणे-ओकायामा मैत्री उद्यान, त्या शहरातल्या प्रसिद्ध कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं आहे. रविवारी मुलांना घेऊन तिथे फिरणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल की ओकायामाचं स्वतःचं कात्सुदोन आहे? त्यात अंडं नसतं. भातावर कोबी, कोबीवर कात्सु आणि त्यावर फ्रेंच वळणाचा दाट तपकिरी सॉस. शहरातलं नोमुरा हे दुकान 1931 पासून तेच वाढतं आहे.

मराठी माणसाला या दुकानात शिरताना प्रश्न पडतात आणि ते रास्त आहेत. डुकराचं मांस आपल्याकडे बहुतेक घरांत खात नाहीत, मुसलमानांना तर ते वर्ज्यच. कोंबडीचं किंवा कोळंबीचं कात्सु मागवता येतं, पण कढई आणि तेल बहुधा एकच असतं, आणि ते तेल चरबीचंही असू शकतं. कोरोक्के बटाट्याचं दिसलं तरी त्यात बहुधा खिमा मिसळलेला असतो. मिसो सूपचा आधार माशाचा अर्क. चुऱ्याखाली अंडं. तेव्हा पूर्ण शाकाहारी माणसाने इथे फक्त भात-कोबीवर भागवण्यापेक्षा दुसरीकडे जावं हे बरं. हलाल कात्सु देणारी थोडी दुकानं टोकियोत आहेत, ती आधी शोधून जावं.

जपानमध्ये आज 50 हजारांहून अधिक भारतीय राहतात आणि टोकियोच्या एदोगावा भागातलं निशि-कासाइ हे त्यांचं मोठं ठिकाण. पुण्यात शिकलेले योगेंद्र पुराणिक 2019 मध्ये याच एदोगावाच्या नगरसभेवर निवडून आले. तिथल्या मराठी घरांत पोळी-भाजी होते आणि भारतीय किराणाही मिळतो. पण संगणकाच्या नोकरीवर गेलेल्याला सुपरमार्केटच्या तळणाच्या विभागात संध्याकाळी भाव उतरवलेलं कोरोक्के लवकरच ओळखीचं होतं.

आता नवी वाट कारागीर मुलांची आहे. जानेवारी 2021 मध्ये भारत आणि जपान यांच्यात कुशल कामगारांसंबंधी करार झाला. वृद्धांची सेवा, बांधकाम, शेती, हॉटेल अशा कामांसाठी भाषेची आणि कामाची परीक्षा देऊन तिथे जाता येतं. ऊसतोडीला सहा-सहा महिने घर सोडणाऱ्या बीड जिल्ह्याला परगावचं जेवण म्हणजे काय हे शिकवायची गरज नाही. परगावी पहिल्यांदा अंगावर येतो तो खर्च आणि एकटेपणा. त्या दोन्हींवर ही छोटी दुकानं बऱ्यापैकी उतारा आहेत.

ज्यांना जायचं नाही त्यांना हा पदार्थ युसूफ वडगावातही करता येईल, आणि करून पाहावाच. कोंबडीच्या छातीचा तुकडा बोटभर जाड घ्यावा, हलका ठोकून मीठ-मिरपूड लावावी. दोन दिवसांच्या शिळ्या ब्रेडच्या कडा काढून स्लाइस किसणीवर जाड किसावेत, भुकटी करू नये. मैदा, अंडं, चुरा या क्रमाने घोळवून शेंगदाणा किंवा सोयाबीन तेलात मध्यम आचेवर तळावं, काढून दोन-तीन मिनिटं जाळीवर ठेवावं आणि मगच कापावं. शाकाहारी घरात उकडलेल्या बटाट्याचे लांबट गोळे करून अंड्याऐवजी मैद्याच्या पातळ घोळात बुडवावेत. कोबी अगदी बारीक चिरून दहा मिनिटं थंड पाण्यात ठेवला की करकरीत होतो. मसाला घालायचा मोह पहिल्या खेपेला आवरावा.

आणि जे जाणार आहेत त्यांनी एवढं लक्षात ठेवावं: दुपारी साडेअकरा ते दोनच्या दरम्यान जावं, तेव्हा बऱ्याच ठिकाणी जेवणाचा दर कमी असतो. दोन ते पाच बरीच लहान दुकानं बंद असतात. ज्या दुकानात एकच म्हातारा कढईपाशी उभा आहे ते आधी गाठावं, साखळी दुकान नंतरही असणारच आहे. खिशात हजार येनची एक नोट असली तर बहुतेक स्वस्त दुकानांत जेवण होऊन सुटे पैसे परत मिळतात.